सबमरीनर की सीमास्टर: पाण्याबाहेरचा हिशेब आधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्याचे, मनगटाचा घेर साडेसहा इंच, म्हणजे साधारण साडेसोळा सेंटीमीटर. तारकर्लीला पहिल्यांदा पाण्याखाली गेलात, मग रीतसर ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला, कोर्स केलात आणि आता डिसेंबरात अंदमानला जायचं आहे. चांगलं मेकॅनिकल घड्याळ एकच घ्यायचं, रोज वापरायचं, पाण्यातही न्यायचं आणि पुढे मुलीला द्यायचं. मनात दोन आहेत. रोलेक्सचं सबमरीनर, बिनतारखेचं, आणि ओमेगाचं सीमास्टर डायव्हर ३०० एम, काळ्या डायलचं. ओमेगा शोरूममध्ये समोर ठेवलेलं आहे. रोलेक्ससाठी नाव नोंदवून थांबायचं, किती ते कोणी सांगत नाही. मध्ये एक रीसेलर भेटला, तो छापील किमतीवर अडीच लाख जास्त घेऊन आठवड्यात सबमरीनर आणून देतो म्हणतोय.

सरळ सांगतो. घड्याळ म्हणून दोघांत मला सबमरीनर उजवं वाटतं. तरीही तुम्ही सीमास्टर घ्या, असंच मी म्हणेन, फक्त एका अटीवर: ते तुमच्या मनगटावर नीट बसलं पाहिजे. आणि रीसेलरचे अडीच लाख देऊ नका. असं का म्हणतोय ते आता नीट सांगतो. माझं काम घड्याळं उघडण्याचं, दुरुस्त करण्याचं आणि पाणी जाणार नाही अशी परत बंद करण्याचं आहे, त्यामुळे माझा कल शोरूममधल्या झगमगाटापेक्षा पाच-सात वर्षांनी घड्याळ कोणत्या अवस्थेत टेबलावर येतं, तिकडे जास्त असतो.

आधी पाण्याचा मुद्दा निकालात काढू, कारण तिथे दोघांत निवडण्यासारखं काही नाही. दोन्ही घड्याळं ३०० मीटरची. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे ३०० मीटरला तीस बार. ओपन वॉटरच्या कार्डावर तुमची मर्यादा १८ मीटर आहे. ॲडव्हान्स्ड केलंत तर ३०, डीपचा वेगळा कोर्स केलात तरी ४०, आणि हौशी डायव्हिंग तिथे थांबतं. म्हणजे ४० मीटरवरही ही घड्याळं आपल्या क्षमतेच्या सातव्या हिश्श्यापर्यंत पोचलेली नसतात. डायव्हिंगच्या घड्याळांचं जे आयएसओ ६४२५ मानक आहे, ते छापील खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबावर चाचणी मागतं. रोलेक्सही प्रत्येक सबमरीनर तेवढ्याच जादा दाबाखाली घालून मगच बाहेर सोडते. ‘हात जोरात हलवला की दाब दुप्पट होतो, म्हणून ३०० मीटर म्हणजे खरे शंभरच’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. ते डोक्यातून काढून टाका. पाण्यात हात कितीही वेगाने मारलात तरी वाढणारा दाब अर्ध्या मीटर पाण्याइतकाही भरत नाही.

सीमास्टरच्या डाव्या अंगाला, दहाच्या आकड्यापाशी जी दुसरी चावी दिसते, ती हेलियम व्हॉल्व्हची. समुद्रतळाशी तेलविहिरींवर काम करणारे डायव्हर दिवसच्या दिवस दाबाच्या कोठडीत राहतात. तिथल्या हवेत हेलियम मिसळलेला असतो. त्याचे अणू इतके लहान की गॅस्केटमधून, म्हणजे फटी बंद करणाऱ्या रबरी कड्यांतून, हळूहळू घड्याळात शिरतात, आणि वर येताना बाहेरचा दाब उतरला की आतला वायू काच उडवू शकतो. व्हॉल्व्ह त्यासाठी. रोलेक्सने तो सबमरीनरला दिलेला नाही, सी-ड्वेलर या दुसऱ्या मॉडेलला दिला. तुम्हाला त्याचा उपयोग शून्य, त्रासही नाही. मात्र तो घट्ट फिरवून बंद ठेवा आणि खेळणं म्हणून उघडू नका. २०१८ नंतरचा व्हॉल्व्ह पाण्याखाली वापरता येईल असा केलेला आहे, पण प्रत्येक उघड-झाक म्हणजे त्या गॅस्केटची झीज.

पाण्यात वेळ बघण्याचं म्हणाल तर इथे मात्र दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. खरं काम तुमचा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, करणार आणि त्यानेच केलं पाहिजे. घड्याळ जोडीला. उतरताना बेझलचा, म्हणजे डायलभोवतीच्या फिरत्या कड्याचा, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा की किती मिनिटं झाली ते एका नजरेत कळतं. बेझल एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही, आणि डायव्हरला तेच हवं असतं. सबमरीनरच्या बेझलच्या कडेला दाते आहेत, ओल्या बोटांतही पकड येते. सीमास्टरच्या बेझलची कड लाटेसारखी वळणदार, दिसायला देखणी, पण ओल्या हाताने फिरवताना बोट घसरतं. शोरूममध्ये पाण्याचा ग्लास मागा, बोटं ओली करा आणि फिरवून बघा. कुणी हसलं तर हसू दे. अंधारात मात्र सीमास्टरने एक फार विचारपूर्वक गोष्ट केली आहे: मिनिटकाटा आणि बेझलचा ठिपका हिरवा चमकतो, बाकी सगळं निळं. म्हणजे डाइव्हमध्ये ज्या दोन खुणा जुळवायच्या त्याच वेगळ्या रंगात. सबमरीनर सगळंच निळं, पण काटे भरीव आणि डायल मोकळी, त्यामुळे ऑफिसात असो की समुद्रात, वेळ पटकन वाचता येते. सीमास्टरचे पोकळ काटे लाटांच्या डायलवर काही जणांना शोधावे लागतात. तुमची चाळिशी लागलेली आहे, म्हणून हेही चष्मा काढून बघा.

आता माझ्या मते निर्णय जिथे व्हायला हवा तिथे येतो: मनगट.

लोक मनगटाचा घेर मोजतात आणि केसचा व्यास बघतात. दोन्ही अर्धवट. मोजायची ती मनगटाची वरची सपाट रुंदी, आणि बघायचं ते घड्याळाचं वरपासून खालपर्यंतचं अंतर, म्हणजे पट्टा अडकवायच्या लग्जच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लग्जची टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली की चेन आधी हवेत जाते आणि मग खाली वळते. तिथे फट राहते, घड्याळ डुलतं, दाराच्या चौकटीला आणि टेबलाच्या कडेला आपटतं. माझ्याकडे कडा चेपलेली, सिरॅमिक बेझलला तडा गेलेली घड्याळं येतात, त्यांतली बरीचशी समुद्रात गेलेलीच नसतात. मनगटापेक्षा मोठं घड्याळ घेतलेलं असतं, एवढंच.

सबमरीनर २०२० साली ४१ मिलिमीटरचं झालं. कागदावर मोठं झालं, पण आधीच्या मॉडेलचे जाडजूड लग्ज बारीक केले आणि चेन २१ मिलिमीटरची रुंद केली, त्यामुळे हातावर ते उलट सडपातळ दिसतं. लग्जच्या टोकांमधलं अंतर साधारण ४८, जाडी साडेबाराच्या आसपास. सीमास्टर ४२ मिलिमीटरचं, लग्जचं अंतर पन्नासच्या जवळ, जाडी साडेतेराहून थोडी जास्त. आकड्यांत हा फरक किरकोळ वाटेल. शर्टाच्या बाहीखाली तो रोज जाणवतो. सीमास्टरची मागची काच आतलं मशीन दाखवते, पण ती काच आणि तिची बैठक जाडीत भर घालते. तुमच्यासारख्या मनगटावर सीमास्टर बसू शकतं, मी बसलेलं पाहिलं आहे. पण ते मनगट वरून सपाट होतं. गोलसर मनगट असेल तर तेच घड्याळ बाहेर येतं. हे फोटोवरून कळत नाही आणि माझ्या सांगण्यावरूनही कळणार नाही. घालूनच बघायचं, तेही पाच मिनिटं नव्हे. अर्धा तास हातात ठेवून शोरूममध्ये चहा घ्या, फोन करा, हात खाली सोडून चाला.

मग चेनचं लॉक. सबमरीनरचं ग्लाइडलॉक ही माझ्या मते त्या घड्याळातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे, मशीनपेक्षाही. लॉक उघडून आतली पट्टी उचलायची, सरकवायची, सोडायची. दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्या, एकूण दोन सेंटीमीटरपर्यंत, कुठल्याही अवजाराशिवाय. आपल्याकडच्या हवेत मनगट दिवसभरात बदलतं. मे महिन्यात सकाळी सैल असलेली चेन दुपारी रुतते. विमानात, जेवणानंतर, तसंच. दोन मिलिमीटर सोडले की घड्याळ परत जागेवर. पाण्यात तीन मिलिमीटरच्या वेटसूटवरूनही चेन त्याच लॉकने बसते. सीमास्टरच्या लॉकमध्येही आत बटण दाबून सरकवायची सोय आहे आणि वेटसूटसाठी वेगळी घडीही उलगडते. काम ते चोख करतं. पण ते लॉक लांब आहे, आणि लहान मनगटाच्या खालच्या बाजूला लांब लॉक टेबलावर टाइप करताना टोचतं. म्हणून तुमच्यासाठी सीमास्टर रबरी पट्ट्यावर घालून बघणंही तितकंच महत्त्वाचं. पट्ट्यावर ते हलकं होतं, मनगटाला लपेटतं, आणि घामाच्या दिवसांत सुसह्य. खरेदी मात्र चेनसहित करा. पट्टा नंतर घेणं परवडतं. पट्ट्याचं घड्याळ घेऊन नंतर मूळ चेन विकत घ्यायला गेलात तर बराच जास्त खर्च येतो.

चावीबद्दल दोन्ही घड्याळांना लागू असलेली एक गोष्ट सांगतो, कारण पाणी शिरलेली घड्याळं माझ्यापर्यंत येतात ती बहुतेक याच वाटेने. दोन्हींची चावी स्क्रूने घट्ट बसते. रोलेक्सच्या चावीवर मुकुटाखाली तीन ठिपके असतात, ती त्यांच्या ट्रिपलॉकची, म्हणजे एकाहून अधिक गॅस्केटांच्या रचनेची खूण. ती रचना १९७० पासूनची. पण रचना कितीही भक्कम असली तरी आटे वाकडे बसवले की संपलं. चावी बंद करताना सरळ पुढे फिरवू नका. आधी हलकी दाबा आणि उलटी, म्हणजे उघडायच्या दिशेने, सावकाश फिरवा. एका ठिकाणी बोटांना अगदी बारीक ‘टक’ जाणवतो आणि चावी केसभर आत उतरते. तिथे आटे जुळले. आता दाब तसाच ठेवून पुढे फिरवा, लोण्यासारखी फिरली पाहिजे. अडखळली तर थांबा, परत उलटी फिरवा. जोर लावून बंद केलेली चावी बाहेरून बंद दिसते आणि आतून तिरकी असते. ट्यूबचे, म्हणजे चावी ज्या नळीवर बसते तिचे, आटे कुरतडले जातात, गॅस्केट एका बाजूने दबतं, आणि पुढच्या पोहण्यात काचेखाली धुकं. नव्या घड्याळाची चावी शोरूममध्येच एकदा स्वतः उघडून बंद करून बघा.

धुक्यावरून आठवलं म्हणून सांगतो, पाण्याची चाचणी झाल्यावर आम्ही शेवटी काय बघतो. घड्याळ गरम प्लेटवर ठेवून चाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायचं, हाताला उबदार लागेल इतकं. मग काचेच्या मध्यावर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि मिनिटभर थांबायचं. थेंब पुसला आणि काच स्वच्छ, तर आत ओल नाही. पुसल्यावर थेंबाच्याच आकाराचा पांढुरका ठिपका काचेच्या आतल्या बाजूला राहिला, तर पाणी आधीच आत गेलंय, भले घड्याळ टिकटिकत असो. हा ठिपका दिसला की मालकाला बोलावून दाखवतो. सांगून पटत नाही, दिसलं की पटतं.

मशीनबद्दल तुम्ही बरंच वाचलेलं दिसतं, म्हणून थोडक्यात. सबमरीनरमध्ये ३२३० क्रमांकाचं मशीन आहे: पूर्ण चावी भरली की सत्तर तास चालतं, दिवसाला दोन सेकंद मागे किंवा दोन सेकंद पुढे, एवढ्यात राहण्याची कंपनीची हमी. सीमास्टरमध्ये ८८०० आहे: पंचावन्न तास, दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, मागे नाही. शिवाय त्याची चाचणी कंपनीबाहेरच्या मेटास या स्विस सरकारी संस्थेच्या निकषांवर होते. सत्तर आणि पंचावन्न तासांचा फरक शनिवार-रविवारी कळतो. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी आठपर्यंत एकसष्ट तास होतात: सबमरीनर चालू, सीमास्टर बंद. पण तुम्ही रोज एकच घड्याळ घालणार, तेव्हा हा फरक तुमच्या कामाचा नाही. ओमेगाचं को-ॲक्सिअल एस्केपमेंट, म्हणजे मशीनची शक्ती टप्प्याटप्प्याने सोडणारी यंत्रणा, जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराच्या डोक्यातून आलं आणि ओमेगाने ते १९९९ मध्ये बाजारात आणलं. त्यात भाग एकमेकांवर घासण्यापेक्षा ढकलले जातात, म्हणून तेलावरची मदार कमी. कारागीर म्हणून मला त्या कल्पनेबद्दल मनापासून आदर आहे. तुमच्या हातावर मात्र दोन्ही मशिनं वेळ दाखवण्यात तुम्हाला तक्रारीला जागा देणार नाहीत.

चुंबकाचं मात्र नीट समजून घ्या, कारण जाहिरातीतला पंधरा हजार गॉसपर्यंत चुंबक सोसण्याचा आकडा बघून तुम्ही प्रभावित झालेले आहात. हल्ली दुरुस्तीला येणाऱ्या साध्या मेकॅनिकल घड्याळांत चुंबकाने बिघडलेली बरीच असतात. फोनचं चुंबकी कव्हर, लॅपटॉपचा स्पीकर, पर्सचं बटण, इंडक्शनची शेगडी. कमानीचे, म्हणजे आतल्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला मिनिटं-मिनिटं पुढे पळतं. सीमास्टरची कमानी सिलिकॉनची, तिला चुंबक लागतच नाही. बाकीचे भागही तसेच निवडलेले. पण सबमरीनरची पॅराक्रोम कमानीही नायोबियम आणि झिरकोनियमच्या मिश्रधातूची आहे, तिच्यावरही घरातल्या चुंबकांचा परिणाम होत नाही. ओमेगा या परीक्षेत पुढे आहे यात शंका नाही. पण तुमच्या घरात आणि ऑफिसात दोन्ही पास. एमआरआयच्या खोलीत दोन्ही न्यायची नाहीत.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट मात्र मुलीच्या संदर्भात बोलायला हवी. धातूची कमानी वाकली तर चिमट्याने सरळ करता येते, निदान चांगल्या हाताने. सिलिकॉन वाकत नाही, तुटतो. म्हणजे भाग बदलायचा, आणि तो कंपनीकडूनच यायचा. तीस वर्षांनी गल्लीतला घड्याळजी हे मशीन स्वतःच्या जोरावर उभं करू शकणार नाही. पण खरं सांगायचं तर रोलेक्सचंही आता तसंच आहे. दोन्ही कंपन्यांचे सुटे भाग बाहेरच्या कारागिराला सहजी मिळत नाहीत. म्हणून सर्व्हिसिंग दोन्हींचं अधिकृत ठिकाणीच करा. हे मी, स्वतः बाहेरचा कारागीर असून, सांगतोय. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सांगते, ओमेगा पाच ते आठ. दोघांचीही नवीन घड्याळावर पाच वर्षांची वॉरंटी आणि अधिकृत सर्व्हिसिंगनंतर दोन वर्षांची. एक विनंती करा, लेखी करा: पॉलिश नको. सीमास्टरचे लग्ज पिळलेले आहेत, त्यावर चकचकीत आणि मॅट पट्टे शेजारी-शेजारी आहेत. दोनदा जोरात पॉलिश झालं की ती धार जाते आणि परत येत नाही. सबमरीनरच्या बाजूंचंही तेच. ओरखडे राहू द्या, धार जपा.

आता पैसे. सबमरीनरची छापील किंमत सीमास्टरच्या साधारण दीडपट. विकायला गेलात तर सबमरीनर छापील किमतीच्या आसपास, कधी वरही, जातं. सीमास्टर शोरूमच्या दाराबाहेर पडलं की उतरतं. या एका वाक्यावर लोक दहा-दहा मिनिटं वाद घालतात. तुम्ही विकणार नाही म्हणालात, मुलीला देणार म्हणालात. मग तो मुद्दा तुमचा उरतच नाही. आणि छापील किमतीवर अडीच लाख देऊन घेतलंत, तर तो फायदा तुम्ही आधीच रीसेलरला देऊन बसलात. त्यात अधिकृत शोरूमशी तुमचं नातं तयार होत नाही, बिल कुणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं, आणि आजकालच्या नकला इतक्या सफाईच्या आहेत की मागचं झाकण न उघडता मी स्वतः खात्री देत नाही. दहा लाखांच्या वर गेलात तर एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळीच गोळा केलेला आगाऊ कर, घेतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, पण पावती आणि पॅन नीट हवा. रोखीत देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

‘दुबईहून आणू का’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. आणा, पण विमानतळावर जाहीर करून, सीमाशुल्क भरून. ते भरल्यावर फरक फारसा उरत नाही. हातात घालून गुपचूप आणलेल्या घड्याळाचं बिल पुढे कुणाला दाखवायची वेळ आली की पंचाईत होते. आणि इथून घेतलेलं घड्याळ घालून परदेशी जाणार असाल तर जाताना कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, येताना कटकट नाही. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. टप्पे लहान आहेत. त्यासाठी डिसेंबर चुकवू नका.

मग सबमरीनर मला उजवं वाटतं तरी तुम्हाला सीमास्टर का सांगतोय? कारण तुम्हाला हे घड्याळ पाण्यात न्यायचं आहे, आणि डिसेंबरात न्यायचं आहे. वर्षभर थांबून, किंवा अडीच लाख वर मोजून घेतलेलं सबमरीनर लोक बोटीवर चढताना काढून पाकिटात ठेवतात, हे मी ग्राहकांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता विचारावंही लागत नाही. टाक्या आदळतात, शिडीला हात घासतो, जीव घड्याळात अडकतो. सीमास्टर काही स्वस्त नाही, पण ओरखडा पडला तर तुम्ही तो सोसाल. आणि खाली उतरल्यावर मिनिटकाटा न् बेझलचा ठिपका हिरवा चमकताना बघाल, जे पाकिटात ठेवलेल्या घड्याळाने होणार नाही. शोरूमने उद्या फोन करून छापील किमतीत सबमरीनर समोर ठेवलं, तर मात्र माझा सल्ला बदलतो: तेच घ्या, मागे वळून बघू नका.

घेतल्यावर डिसेंबरआधी वेगळी पाण्याची चाचणी करायची गरज नाही, नवीन घड्याळ चाचणी होऊनच आलेलं असतं. उलट विनाकारण झाकण उघडू देऊ नका. पुढच्या वर्षापासून मात्र दर डायव्हिंगच्या हंगामाआधी प्रेशर टेस्ट, आणि दोन-तीन वर्षांनी गॅस्केटं बदलणं. गरम पाण्याचा शॉवर, स्टीम, सॉना टाळा; गॅस्केटांना समुद्रापेक्षा तीच जास्त बाधतात. सनस्क्रीन लावून झाल्यावर हात पुसून मगच घड्याळ घाला. डाइव्ह झाली की चावी घट्ट आहे हे बघून गोड्या पाण्याच्या नळाखाली धरा, पाण्यातच बेझल दोन-तीन फेरे फिरवा, लॉक उघडून आतली वाळू धुऊन टाका. डाइव्ह सेंटरच्या सामायिक टबात टाकू नका, त्यात सगळ्यांचे रेग्युलेटर आणि कॅमेरे आपटत असतात. कडेचं मीठ वाळलं की बेझल जड फिरू लागतं आणि ते साफ करायला माझ्यासारख्याकडे यावं लागतं.

शोरूममध्ये जाऊन आलात की दोन गोष्टी कळवा: मनगटाची वरची रुंदी किती मिलिमीटर, आणि सीमास्टरच्या लग्जची टोकं कडेच्या आत राहिली की बाहेर आली. बाहेर आली असतील तर सीमास्टर सोडून द्या, आवडलं असलं तरी. त्या वेळी ट्यूडरचं पेलागोस ३९ एकदा हातात घालून बघा. २०२२ साली आलेलं, टायटॅनियमचं, म्हणून वजनाला हलकं, ३९ मिलिमीटर, २०० मीटर, आणि चेनच्या लॉकमध्ये ग्लाइडलॉकसारखीच हाताने सरकवायची सोय. डायल साधी आहे, लाटा नाहीत, काचेतून मशीन दिसत नाही. पण तुमच्या मनगटासाठी आणि ४० मीटरच्या आतल्या डायव्हिंगसाठी ते कुठेही कमी पडणार नाही.